न सांगितलेलं दुखणं

पुणे,
१२ फेब्रुवारी

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो आणि तू इतक्या घाईत बोललीस की निम्मं कानावरून गेलं. उरलेलं रात्री तुझ्या आईकडून कळलं. सांगलीच्या ऑफिसात बारा कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत. आता मार्चएंड तोंडावर आलाय आणि एकेका पार्टीची फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. साहेब म्हणतात सर्व्हर बदलू. हार्डवेअरवाला म्हणतो स्विच बदलू. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणतात व्हायरस. आणि तू मला विचारलंस, "मामा, यातलं खरं कोण?"

तिघांपैकी कोणीही खरा ठरू शकेल. पण तिघांनीही अजून काहीच मोजलेलं नाही, एवढं मला इथे बसून सांगता येतं. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलेलं तू "हो मामा, हो मामा" करून सोडून देतेस, हा अनुभव तू बारावीत असल्यापासूनचा आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घे. बंद पडलेलं नेटवर्क दुरुस्त करणं सोपं, हळू चालणारं अवघड. मी या धंद्यात आलो तेव्हा ऑफिसात एकच काळी कोॲक्स केबल पहिल्या कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी माळेसारखी फिरवलेली असायची. प्रत्येक मशीनच्या पाठीमागे इंग्रजी 'टी'च्या आकाराचा जोड आणि माळेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचं एकेक टोपण, त्याला टर्मिनेटर म्हणायचे. झाडताना बाईंचा हात लागला किंवा कोणी टेबल सरकवलं आणि जोड निसटला, की अख्खं ऑफिस ठप्प. आरडाओरडा व्हायचा, पण दुरुस्तीला पंधरा मिनिटं पुरायची. माळेच्या मधोमध जोड सोडायचा, तिथे टोपण लावायचं आणि कुठली बाजू जिवंत होते ते बघायचं. मग मेलेल्या बाजूचा मध्य गाठायचा. असं चार वेळा निम्मं करत गेलं की तुटलेली जागा हाताला लागायची.

हळू चालणाऱ्या नेटवर्कात पंचाईत अशी, की ते चालत असतं. फाइल उघडते, प्रिंट निघते, पिंगला उत्तर येतं. तक्रार करायला गेलं तर समोरचा म्हणतो, "चाललंय की!" तुझी आजी शेवटच्या वर्षांत गुडघा दुखतो असं एकदाही म्हणाली नाही. पूजेला दहा मिनिटं जास्त लागायला लागली, पुढे वीस, आणि आम्ही सगळे वय झालं, वय झालं म्हणत राहिलो. एक्स-रे काढल्यावर कळलं आत काय चाललं होतं ते. तुमचं नेटवर्क आजीच्या जातीचं आहे. दुखतंय म्हणत नाही, काम सावकाश करतं.

ते असं का वागतं, यामागे एक घटना आहे आणि ती तुला माहीत असायला हवी. तुमच्या पदविकेच्या पुस्तकात त्या घटनेतून निघालेलं गणित आहे, घटना नाही. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ या दोन ठिकाणांमध्ये ४०० यार्डांचं अंतर. चालत पाच मिनिटं. त्यांच्यामधल्या जोडणीवर सेकंदाला ३२,००० बिट जायचे ते एकाएकी ४० वर आले. ४० बिट म्हणजे जेमतेम पाच अक्षरं. चिठ्ठी लिहून शिपायाच्या हाती दिली असती तर आधी पोचली असती. व्हॅन जेकबसन नावाचा संशोधक या प्रकारामागे लागला. तुटलेलं काही नव्हतंच. गर्दीत काही पाकिटं (माल अशा छोट्या तुकड्यांनीच जातो) हरवत होती, हरवलेली पाकिटं मशीनं पुन्हा पाठवत होती, त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती आणि आणखी पाकिटं हरवत होती. संध्याकाळी लक्ष्मी रोडला एक रिक्षा अडकली की मागचे सगळे हॉर्न मारत पुढे घुसतात आणि मग कोणालाच हलता येत नाही, तसं.

जेकबसनचा उपाय साधा होता. पाकीट हरवलं तर ते गर्दीत हरवलं असं धरायचं आणि आपण दोन पावलं मागे सरायचं. मग अंदाज घेत पुन्हा वेग वाढवायचा. त्याने आणि माइक कॅरल्सने ही रीत युनिक्सच्या टीसीपीत, म्हणजे पाकिटं पाठवण्याचे नियम सांभाळणाऱ्या भागात, घातली, १९८८ साली त्यावर निबंध छापला, आणि थोडेफार बदल होत तीच रीत पुढे जगभर पसरली. आज आपलं इंटरनेट उभं आहे ते बऱ्याच अंशी या सभ्यपणावर.

पण या सभ्यपणाची दुसरी बाजू आपल्यासारख्यांच्या वाट्याला येते. पाकीट गर्दीत हरवलं की टेबलाच्या पायाखाली चेंगरलेल्या केबलीत हरवलं, हे टीसीपीला कळत नाही. ते दोन्ही वेळा मागेच सरतं. शंभरातलं एखादं पाकीट खराब जोडात मरत असेल तर वेग एक टक्क्याने कमी होत नाही, अर्ध्याच्याही खाली जाऊ शकतो. आणि पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. हरवलेलं पुन्हा पाठवलं जातं, फाइल पूर्ण आणि बिनचूक पोचते, फक्त उशिरा. पस्तीस वर्षांत मी पाहिलेल्या मंद नेटवर्कांतली निम्मी तरी अशीच होती. बिघाड तारेत, आणि शिव्या सर्व्हरला.

तेव्हा मोजायला लाग. मोजण्याआधी एककं नीट लावून घे, कारण इथे भल्याभल्यांची गल्लत होते. केबलीचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल कॉपी होताना पडद्यावर दिसतो तो बाइटमध्ये. आठाने भागायचं. १०० मेगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, त्यातलं पाकिटांवरच्या पत्त्याबित्त्याचं ओझं वजा जाता हाती येतात अकरा-साडेअकरा. गिगाबिटवर असेच एकशे दहाच्या आसपास. हे दोन आकडे पाठ कर. मोठी फाइल कॉपी करताना आकडा अकराला जाऊन तिथेच खिळला, तर सर्व्हर दमलेला नाही. वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर उतरलेली आहे. दमलेलं मशीन वरखाली होतं, इतक्या नेमक्या आकड्यावर खिळत नाही.

कॉपीवरून मात्र पूर्ण निदान होत नाही, कारण कॉपीत डिस्कही असते, अँटिव्हायरसही असतो. म्हणून आयपर्फ नावाचा एक फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम उतरवून घे. एका मशीनवर तो ऐकायला बसवायचा, दुसऱ्यावरून पाठवायला सांगायचं. तो एकाच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत माल ओततो, डिस्कला हातही लावत नाही. गिगाबिटवर त्याने ९४०च्या आसपास मेगाबिट दाखवले तर केबल, स्विच, कार्ड सगळे निर्दोष, आणि मग खुशाल सर्व्हरच्या डिस्ककडे वळ. ९४ दाखवले तर १०० वर उतरलेली जोडणी. आणि कधी ३००, कधी ८०, कधी ४५० असं नाचायला लागलं तर पाकिटं मरताहेत. दिशा उलटी करूनही बघ. जाताना नीट आणि येताना मंद असा प्रकार असतो, त्यावर पुढे येतो.

पिंगवर तुमचा फार विश्वास. चार पिंग मारायचे, चार उत्तरं आली की नेटवर्क चांगलं. माइक म्यूसने डिसेंबर १९८३मध्ये पिंग लिहिलं तेही असल्याच एका नेटवर्कच्या विचित्र वागण्याचा छडा लावायला. पाणबुडीचं सोनार आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं, त्यावरून हे नाव. हत्यार उत्तम आहे, पण चार आवाजांत शंभरातला एक हरवलेला कसा सापडेल? हजार पिंग मार, प्रत्येक १४०० बाइटांचा. चालू दे पंधरा-वीस मिनिटं. ऑफिसातल्या ऑफिसात, वायरवर, हजारातलं एकही उत्तर हरवता कामा नये आणि वेळ एक मिलिसेकंदाच्या आत हवी. दोन-चार हरवले तरी सोडू नकोस. "दोन-चारच तर गेले" असं म्हणणारा माणूस भेटेल. तो बहुधा हार्डवेअरवालाच असेल.

आता तारांबद्दल सविस्तर लिहितो, कारण हे तुला कोणी शिकवणार नाही.

प्रत्येक मशीनवर नेटवर्क कार्डाचं स्टेटस उघड आणि स्पीडच्या ओळीत काय लिहिलंय ते वहीत टिपून ठेव. बारा मशीन, एक सर्व्हर, तेरा ओळी. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणीही करत नाही. १०० मेगाबिटला केबलीतल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी कनेक्टरमध्ये क्रिंप होताना नीट बसली नसेल, तर काही कार्डं मुकाट्याने १०० वर उतरतात, काही जोडणी धरतच नाहीत. उतरणारी जास्त त्रास देतात. अशी उतरलेली जोडणी जर सर्व्हरची असेल तर बारा जणांचा माल त्या एका बोळातून जातो, आणि मग सकाळी साडेदहाला सगळे आल्यावर काय होईल ते तूच सांग.

जुन्या इमारतीत आणखी एक कारभार सापडेल. पूर्वी दोन जोड्यांवर काम भागायचं, म्हणून काही हुशार लोक एकाच केबलीतून दोन मशीन काढायचे. चार तारा एकाला, चार दुसऱ्याला. मीही काढलेत. मालक खूश, केबलीचे पैसे वाचले. आज त्या भिंतीतून गिगाबिट काही केल्या निघत नाही आणि नवीन पोरं स्विचवर स्विच बदलत बसतात. भिंतीवरच्या आयओ बॉक्सचं झाकण उघडून तारा मोज. आठ नसतील तर माझ्यासारख्या कोणाला तरी मनातल्या मनात दोन शब्द ऐकव आणि नवी केबल ओढून घे.

२००३च्या सुमारास एका छापखान्यात मला बोलावलं होतं. आठ मशीन, पानं लावायचं काम, मोठाल्या चित्रांच्या फाइली. दहा मेगाबिटचा जुना हब काढून त्यांनी १००चा स्विच घेतला होता, आणि स्विच बसवल्याच्या दिवसापासून काम आधीपेक्षा मंद झालं होतं. दसपट वेगाचं यंत्र आणून वेग कमी! मालकांनी दुकानदाराशी भांडून स्विच बदलून आणला होता. तेच. कार्डं बदलली होती. तेच. मी गेलो, टेस्टर लावला. केबलीच्या एका टोकाला डबी, दुसऱ्या टोकाला डबी, एक ते आठ दिवे ओळीने लागले. हिरवेगार. केबल पास. दोन दिवस मी सॉफ्टवेअरमध्ये डोकं घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर, करायला काही उरलं नाही म्हणून, एका कनेक्टरकडे उन्हात धरून नुसतं बघत बसलो. आणि रंग दिसले.

ज्याने कोणी ती वायरिंग केली होती त्याने जोड्या ओळीने लावल्या होत्या. नारिंगी जोडी एक-दोन नंबरच्या पिनांवर, हिरवी तीन-चारवर, निळी पाच-सहावर, तपकिरी सात-आठवर. दोन्ही टोकांना तशाच. डोळ्यांना अगदी व्यवस्थित दिसतं. पण नियम असा आहे की एक-दोनची एक जोडी, तीन-सहाची दुसरी, चार-पाचची तिसरी, सात-आठची चौथी. म्हणून क्रम लावायचा तो असा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी घालायची, हे विचित्र वाटतं आणि म्हणूनच चुकतं. त्या छापखान्यात तीन-सहाचं काम हिरव्या जोडीतली एक तार आणि निळ्या जोडीतली एक तार मिळून करत होत्या. दोघी वेगवेगळ्या वेण्यांतल्या.

वेणी कशासाठी असते, हे तुला सांगायला हवं. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरून येणारा गोंगाट, मग तो ट्यूबलाइटच्या चोकचा असो की शेजारच्या जोडीचा, दोघींवर जवळपास सारखाच आदळतो. पलीकडचं कार्ड दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे सारखा आदळलेला गोंगाट वजा होऊन जातो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, टेलिफोनसाठी, १८८१ सालची. केबलीतल्या चारही जोड्यांचा पीळही मुद्दाम वेगवेगळा ठेवतात, एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून. जोडीच फोडली की हे सगळं पाण्यात. दहा मेगाबिटला ते निभावून जायचं. शंभरला, चाळीस मीटरवर, पाकिटं मरायला लागली आणि टीसीपी आपलं सभ्यपणे मागे सरत राहिलं. टेस्टरचे दिवे खोटं बोलत नव्हते. एकची तार एकला पोचते का, एवढंच त्याला विचारलं होतं आणि तेवढंच त्याने सांगितलं. कोणाची वेणी कोणाशी, हे विचारायला महागडं यंत्र लागतं किंवा दोन डोळे.

त्या दिवशी सोळा कनेक्टर कापले आणि नव्याने लावले. संध्याकाळी मालकांनी एक मोठी फाइल कॉपी करून बघितली, पुन्हा बघितली आणि मला म्हणाले, "एवढंच होतं?" बिल दिलं ते एवढ्याचंच.

कनेक्टर लावताना पीळ उलगडायचा तो अर्धा इंच, जास्त नाही. सव्वा-दीड इंच उलगडून ठेवणारे कारागीर आहेत, त्यांचं काम छान टापटीप दिसतं. लांबीची मर्यादा १०० मीटर, भिंतीतली नव्वद आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून दहा. बाजारात स्वस्त केबल मिळते, तिला सीसीए म्हणतात, ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा. ब्लेडने तार खरवड, आत पांढरी निघाली तर ती केबल फेक. क्रिंप करताना तुटते, आणि तुटली नाही तर सहा महिन्यांनी तुटते. हिच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही.

आता जाताना नीट आणि येताना मंद, त्याबद्दल. दोन्हीकडचे एकाच वेळी बोलू शकतात तो फुल डुप्लेक्स, आणि एकाने बोलायचं, दुसऱ्याने थांबायचं तो हाफ. स्विच आणि कार्ड जोडल्याबरोबर एकमेकांना विचारून ठरवतात. पण कोणीतरी दक्ष इंजिनिअर सर्व्हरवर हाताने '१०० फुल' असं पक्कं करून ठेवतो. पक्कं केलेलं कार्ड विचारपूस बंद करतं. पलीकडच्या स्विचला विचारूनही उत्तर मिळत नाही, तेव्हा तो वेग ओळखतो पण नियमाप्रमाणे हाफ धरून बसतो. म्हणजे एक मनाला येईल तेव्हा बोलणार, आणि दुसरा आपलं बोलणं चालू असताना समोरून आवाज आला की टक्कर झाली समजून वाक्य अर्धवट टाकणार. पिंग मात्र सुरेख चालतं, कारण पिंगमध्ये एक बोलतो, मग दुसरा उत्तर देतो, दोघं एकदम कधीच बोलत नाहीत. मोठी फाइल जायला लागली की एकीकडून माल आणि त्याच वेळी उलटीकडून पोचपावत्या, आणि मग टकरा. एका सहकारी संस्थेत या एका टिकमार्कपायी तीन महिने रात्री नऊपर्यंत लोक थांबत होते. उपाय, दोन्हीकडे ऑटो ठेवायचं. गिगाबिटवर विचारपूस सक्तीचीच आहे, त्यामुळे हा आजार आता कमी दिसतो. पण तुमचा सर्व्हर किती सालचा आहे, ते तू सांगितलं नाहीस.

बाकीचं थोडक्यात. फाइल उघडताना सुरुवातीला पाच-दहा सेकंद सगळं स्तब्ध आणि मग भराभर, असं होत असेल तर तारेचा दोष नाही. सर्व्हरचं नाव शोधण्यात वेळ जातोय. नावाऐवजी आयपी ॲड्रेस टाकून उघडून बघ, लगेच उघडलं तर तुमचं डीएनएस तपास. एक मोठी फाइल वेगात जाते आणि हजार छोट्या फाइलींचं फोल्डर रडतं, तर तेही बहुतांशी स्वाभाविक आहे. प्रत्येक फाइलीसाठी उघड, विचार, लिही, बंद कर अशा खेपा होतात. किराणा आणायला एकेक जिन्नस घेऊन घरी परत येण्यासारखं. वायफायवरच्या मशीनचं दुखणं तपासायचं तर आधी त्याला केबल लाव. हवेतून एका वेळी एकच जण बोलतो, आणि दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर असतील तर तोच माल हवेतून दोनदा जातो. तिथला आकडा बघून स्विचला दोष देऊ नकोस.

आणि हो, स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे फडफडत असतील तर एखादी केबल दोन्ही टोकांनी त्याच स्विचला खोचलेली आहे का बघ. एका पाकिटाची प्रत त्या वर्तुळात फिरतच राहते, थांबवणारं कोणी नसतं. यावरचा इलाज रॅडिया पर्लमनने १९८५ साली काढला, स्पॅनिंग ट्री, आणि मोठे स्विच तो वापरतात. तुमच्यासारख्या ऑफिसातल्या स्वस्त आठ-सोळा पोर्टच्या डब्यात तो सहसा नसतो. मोकळं लोंबणारं टोक दिसलं की ते कुठेतरी खोचायचं, ही माणसाची उपजत सवय आहे. विशेषतः साफसफाईनंतर.

साफसफाईवरून आठवलं. तुझी आई म्हणाली, दिवाळीआधी ऑफिसला रंग दिला. हे तू मला फोनवर सांगितलं नाहीस, कारण तुला ते कॉम्प्युटरशी संबंधित वाटलं नाही. रंगाऱ्यांनी टेबलं हलवली असणार, सर्व्हरची केबल उपटली असणार, आणि परत लावताना लांबी पुरेना म्हणून कुठली तरी जुनी पॅच कॉर्ड खोचली असणार. किंवा कपाटाचा पाय केबलीवर आला असेल. असेलच असं नाही. पण दिवाळीपर्यंत सुरळीत होतं असं म्हटल्यावर पहिला प्रश्न दिवाळीला काय बदललं हाच, आणि त्याचं उत्तर मशीनमध्ये नाही, ऑफिसच्या शिपायाकडे आहे. त्यांना चहा पाजून विचार.

रविवारी ऑफिस रिकामं असेल तेव्हा किल्ली मागून घे. तुझा लॅपटॉप सर्व्हरला थेट जोड, तुझ्या खात्रीच्या दोन मीटरच्या केबलीने, आणि आयपर्फचा आकडा लिही. मग सर्व्हरला त्याची नेहमीची केबल लावून, स्विचजवळ बसून पुन्हा लिही. मग भिंतीतल्या केबलीवरून, एखाद्या टेबलावरून. जुन्या कोॲक्सचं निम्मं-निम्मं इथेही चालतं, फक्त जिवंत-मेलेलं असं न बघता आकडा कुठे पडतो ते बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदल. स्विच आणि केबल एकदम बदललीस आणि नेटवर्क धावायला लागलं तर साहेब खूश होतील, पण दोष कशात होता ते तुला कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा मेथी निवडताना माझा फोन वाजेल.

सोमवारी मला एवढं कळव: तेरा मशीनांचे स्पीड, आयपर्फचे तीन आकडे, आणि हजारात किती पिंग हरवले. तोवर साहेबांना सर्व्हरची ऑर्डर देऊ देऊ नकोस. "मामांनी आठ दिवस थांबायला सांगितलंय," असं खुशाल सांग, त्यांचे वडील मला ओळखतात.

आईबाबांना नमस्कार. थंडी अजून आहे, सकाळी बसने जाताना कान बांधत जा.

तुझा,
मामा

ता. क. आई शनिवारी येतेय, तिच्याबरोबर माझा जुना क्रिंपर पाठवतो. चांगला आहे, फक्त आठव्या पिनेवर थोडं जास्त दाबावं लागतं.